रुमालाखाली दामू खोत

"आधी तो रुमाल काढा!" मी ओरडले, तसे मगदूम आप्पा आणि बिडकर तात्या दोघंही दचकले. एकमेकांत अडकलेले त्यांचे हात मात्र रुमालाखालीच राहिले.

"ओ वैजूताई, सौदा चाललाय की," आप्पा म्हणाले. "जरा दम काढा."

"दम कसला काढा? त्या रुमालाखाली माझा बाप आहे!"

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आप्पांच्या अडत दुकानाची ती मागची खोली. रविवार होता, त्यामुळं यार्ड बंद. भिंतीला हळदीची पोती लावलेली, मधे कॅरमचा बोर्ड, बोर्डावर एक लाल आणि एक पांढरा फासा, आणि कडेनं कार्डांच्या थप्प्या. ज्यानं आमच्याकडचे जुने सौदे पाहिले नाहीत त्याला सांगायला हवं. हळदीचा भाव पूर्वी तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा हातात हात घालायचे, वर रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचे. शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. आप्पांची सगळी हयात त्यात गेलेली, म्हणून आमच्या लीगमधली खेळाडूंची अदलाबदलही तशीच चालायची. सौदा ठरला की रुमाल उचलायचा, मग सगळ्यांना कळायचं कोण कुठं गेलं ते.

लीग काढली शशी आवटीनं. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यावर त्याला दुसरं काही सुचेना. गावात एके काळी कृष्णाकाठ शील्डचे सामने व्हायचे, मॅटिंग टाकून, पेठेपेठेतल्या क्लबांचे. त्या काळात जे जे खेळले त्यांची शशीनं कार्डं केली. कोण कसा खेळायचा, हे म्हाताऱ्यांना विचारून, जुनी वर्तमानपत्रं चाळून त्यानं ठरवलं. खेळ सोपा. गोलंदाजाच्या बाजूनं लाल फासा, फलंदाजाच्या बाजूनं पांढरा. लाल मोठा आला तर गोलंदाजाच्या कार्डावर त्या आकड्यापुढं काय लिहिलंय ते बघायचं, पांढरा मोठा आला तर फलंदाजाच्या. आम्ही सहा जण, सहा संघ. पाच पुरुष आणि मी. आणि नियम मात्र सगळे जुन्या शील्डचेच हवेत, हा शशीचा हट्ट. कुणी काही नवीन सुचवलं की तो म्हणायचा, "तेव्हा असं नव्हतं," आणि विषय संपायचा.

कार्डावरची जवळजवळ सगळी माणसं देवाघरी गेलेली. एक तेवढा जिवंत होता. दामू खोत, वखारभाग युनियनचा सलामीचा फलंदाज. माझे वडील.

पहिल्या वाटणीत बाबांचं कार्ड चिठ्ठीनं आप्पांकडे गेलं. जाईना का, म्हटलं. पण पुढं काय झालं, तर बाबा जाईल त्या सौद्यात 'वर' म्हणून फिरायला लागले. मेथीच्या जुडीवर भाजीवाली चार काड्या कोथिंबीर टाकते ना, तसे! आप्पांनी कुणाला तरी एक यष्टिरक्षक दिला, वर दामू खोत. त्यानं पुढं एक फिरकीवाला दिला, वर दामू खोत. फिरून फिरून बाबा पुन्हा आप्पांकडे. का, तर बाबांच्या कार्डावर चौकार फक्त सहाच्या आकड्यापुढं, बाकी सगळं 'धाव नाही', 'धाव नाही', 'एक धाव'. संथ! अहो, मॅटिंगवर नव्या चेंडूपुढं उभं राहायला लागतं, छातीवर चेंडू घ्यायला लागतात, ते कार्डावर कुठं लिहितात? मला आतून नुसतं जळत होतं.

तर त्या दिवशी रुमाल उचलला गेला. शशीनं नेहमीच्या थाटात जाहीर केलं, "मगदूम आप्पांनी दिला यष्टिरक्षक भोकरे. बिडकर तात्यांनी दिला लेगस्पिनर कुपवाडे. आणि भोकरेवर..."

"वर म्हणू नका!" मी म्हणाले.

"मग काय म्हणू?"

"नाव घ्या सरळ. दामोदर खोत म्हणा."

"बरं, दामोदर खोत," शशी म्हणाला. "वर."

सगळे हसले. तात्या तर पोट धरून. पोस्टात सॉर्टर होता हा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं इकडून तिकडं टाकली, आता माझ्या बापाला टाकत होता! मी कॅरमच्या बोर्डाजवळ गेले आणि म्हणाले, "तात्या, खोत मला द्या. आत्ता. काय हवं ते मागा."

तात्यांचं हसू थांबलं आणि डोळे बारीक झाले. पुढच्या रविवारी फायनल होती. त्यांचा संघ आणि माझा हरिपूर इलेव्हन. मी फायनलला पोचले होते ती एकाच माणसाच्या जोरावर. इस्माईल जमादार. मध्यम उंचीचा, हातगाडी ओढून कमावलेल्या खांद्यांचा वेगवान गोलंदाज. त्याच्या कार्डावर चार, पाच, सहा तिन्हींपुढं बळी होता, आणि सहापुढं तर ठळक अक्षरात 'त्रिफळा'. असं कार्ड अख्ख्या लीगमध्ये दुसरं नव्हतं.

"जमादार द्या," तात्या म्हणाले.

"दिला."

"वैजू, शुद्धीवर आहेस ना?" शशी म्हणाला. "दामूअण्णांसाठी जमादार? लोक शेण घालतील तोंडात."

"घालू देत."

तात्यांनी रुमाल पुढं केला. मी तो उचलून पोत्यांवर भिरकावला. "मला रुमाल नको. उघड्यावर होऊ दे. बघू दे सगळ्यांना दामू खोताची किंमत काय आहे ती." आणि सगळ्यांसमोर मी तात्यांचा हात हातात घेऊन दाबला. सौदा झाला. आप्पांनी नुसती मान हलवली आणि चहा सांगितला.

घरी येताना मी जवळजवळ उड्या मारत आले. आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा दोघंच. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते फारसे बाहेर पडायचे नाहीत. आमच्या लीगला ते 'मेलेल्यांचा खेळ' म्हणायचे, पण दर रविवारी मी आले की खालमानेनं, काही घेणंदेणं नसल्यासारखं विचारायचे. त्या दिवशीही घेवडा निवडत बसले होते.

"काय दिवे लावले आज तुमच्या मेलेल्यांनी?"

"बाबा, ओळखा मी कुणाला आणलं."

"कुणाला?"

"तुम्हाला! फायनलला तुम्ही माझ्याकडून खेळणार. सलामीला."

घेवड्याच्या शिरा काढणारी बोटं थांबली. चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, मला वाटलं आनंदच. मग त्यांनी विचारलं, "माझ्या बदली दिलंस कुणाला?"

"जमादार."

"कोण जमादार?"

"इस्माईल जमादार. तुमच्याच युनियनचा."

बाबांनी ताट असं ढकललं की घेवडा घरभर झाला. "कुणी सांगितलं होतं तुला?"

"अहो, ते लोक तुम्हाला वर म्हणून वाटत होते! फुकटात! मला बघवत नव्हतं."

"वाटू दे की! माझं कार्ड, माझं नाव, वाटू दे! तुझ्या का पोटात दुखतंय? इस्माईलला काढून मला घेतलंस? फायनलला? अक्कल गहाण टाकली होतीस का?"

मी हबकलेच. ज्याच्यासाठी गावाची बोलणी खाल्ली, तोच माणूस माझ्यावर धावून येतोय! "हे बरं आहे," मी म्हणाले, "बापाची लाज राखायला गेले तर बापच लाथ मारतो. मुलगा असता तर डोक्यावर घेऊन नाचला असता."

"मुलगा असता तर थोबाड फोडलं असतं," बाबा म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. रात्री जेवले नाहीत.

पुढचे दिवस घरात अबोला. मी बँकेत जायचे, यायचे, ताट वाढायचे. ते खायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. मीही काही कमी नाही, मीही बघितलं नाही. आजही कुणी विचारलं तर सांगेन, ज्या बापाला लोक उकिरड्यावर टाकल्यासारखं टाकतात त्याला उचलून आणणं चूक नव्हतं. तसा सौदा मी पुन्हा करीन. पण त्या आठवड्यात मला हे कळेना की माणूस एवढा का पेटलाय.

गुरुवारी संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवून ते एकदम बोलायला लागले. सुरुवात नाही, काही नाही.

"तुझ्या आईचे मामा युनियनचे सेक्रेटरी होते. माहितीय ना?"

"हो."

"शील्डची फायनल होती. एक जागा शिल्लक होती, मी नाहीतर इस्माईल. कप्तानाला इस्माईल हवा होता. समोरच्यांचं शेपूट चिवट होतं, ते कापायला वेगवान माणूस पाहिजे होता, हे शेंबड्या पोरालासुद्धा कळत होतं. पण माझं लग्न ठरलं होतं, मामांच्या भाचीशी. होणारा जावई फायनलला बाहेर बसला तर सोयरे काय म्हणतील? नावं लागली, त्यात माझं नाव. मला कुणी विचारलं नाही."

"मग?"

"मग काय! त्यांचे सात गेले, आणि शेवटच्या तिघांनी आमच्या नाकावर टिच्चून धावा काढल्या. आमच्याकडे त्यांना काढणारा माणूसच नव्हता. तो बाहेर बसला होता, स्वच्छ कपडे घालून. शील्ड गेलं. इस्माईल पुन्हा मैदानावर आला नाही. गणपती पेठेत त्याची हातगाडी दिसायची. मी दिसलो की तो गाडी बाजूला घ्यायचा, मला वाट द्यायला. अगं, मला! वाट!"

बाबांचा आवाज चढला होता.

"त्याला मी एकदा काढला संघातून. आता तू पुन्हा काढलास. माझ्यासाठी. पुन्हा घरच्याच माणसानं, पुन्हा फायनलला. आता काय करू मी, सांग."

मी तरी कार्ड परत कसं मागणार? सौदा झाला होता. हात मिळाला होता.

"रविवारी रिक्षा बोलव," बाबा म्हणाले. "मी येतो."

रविवारी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आप्पांच्या दुकानाची पायरी चढताना माझा हातसुद्धा घेतला नाही. मागच्या खोलीत सगळे जमले होते. बाबांना बघून आप्पा लगबगीनं उठले.

"या या दामूअण्णा! स्वतः खेळाडूच आले की! बसा."

"बसायला आलो नाही. हा सौदा मोडा. इस्माईल वैजूकडे, मी बिडकरांकडे. होतं तसं करा."

तात्यांचा चेहरा लाल झाला. "मोडा म्हणजे? हात मिळालाय! सगळ्यांसमोर, रुमालसुद्धा नको म्हणाली तुमची लेक. ऐन फायनलच्या सकाळी माझा जमादार काढून घेता? ही कुठली रीत?"

"दामूअण्णा, तात्यांचं बरोबर हाय," आप्पा म्हणाले. "हात मिळाल्यावर माघार घेणाऱ्याला यार्डात दारात उभं करत नाहीत. सौदा म्हणजे सौदा."

"हळदीचा सौदा, आप्पा. पोत्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, कुणाच्या वखारीत जातोस. मी पोतं आहे का?"

बाबा शशीकडे वळले.

"शशी, तू म्हणतोस सगळं तेव्हासारखं. तेव्हा एका क्लबातून दुसऱ्यात जायचं तर खेळाडूला काय करायला लागायचं?"

शशीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याला उत्तर माहीत होतं, आणि ते द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "दोन्ही कप्तानांसमोर उभं राहून म्हणायला लागायचं, राजीखुशीनं जातो म्हणून."

"मी म्हणालो?"

"अहो, पण ही कार्डं आहेत. ह्यातल्या कुणाला विचारणार आम्ही? सगळे तर..."

"गेले. त्यांना तू विचारू शकत नाहीस, म्हणून तुझं भागलं. मी आहे ना अजून! इथं समोर उभा आहे, गुडघे मोडून. मला विचार की!"

तात्या काहीतरी पुटपुटले, पण शशी उठून उभा राहिला होता. ज्या माणसानं आम्हाला एका चेंडूचीसुद्धा सूट कधी दिली नाही, तो आता स्वतःच्याच नियमात सापडला होता, आणि नियम मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं शर्ट नीट केला.

"दामोदर खोत, बिडकरांचा संघ सोडून हरिपूर इलेव्हनमध्ये राजीखुशीनं जाता का?"

"नाही जात," बाबा म्हणाले.

"बाबा!" मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर, माझ्या संघाला नकार! "मी तुमच्यासाठी एवढं..."

"तू गप. मुलगी घरी. इथं तू कप्तान आहेस, कप्तानासारखी वाग."

शशीनं जमादारचं कार्ड उचलून माझ्यापुढं ठेवलं, दामू खोत तात्यांपुढं. तात्यांनी बाबांचं कार्ड चिडून ओढून घेतलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "माझ्याकडून खेळायची एवढी हौस आहे ना? मग बसा माझ्या बाजूला. सलामीला तुम्हीच. आणि पांढरा फासाही तुम्हीच टाका, म्हणजे मला दोष नको."

आप्पांनी खुर्ची सरकवली. बाबा बसले, माझ्या बरोब्बर समोर. कॅरमच्या बोर्डाच्या त्या बाजूला माझा बाप, ह्या बाजूला मी, आणि माझ्या हातात लाल फासा, इस्माईलचा.

पहिले काही चेंडू मी कसेतरी टाकले. फासा हातातून नुसता सोडायचे. लाल एक, लाल दोन. बाबांचा पांढरा त्याहून मोठा यायचा. धाव नाही. धाव नाही. एक धाव.

"काय चाललंय?" बाबा खेकसले. "वरण वाढतेस का? इस्माईल असा टाकायचा?"

"मला काय माहीत कसा टाकायचा! मी तेव्हा जन्मले नव्हते!"

"मग बापाला विचार! हातगाडी ओढणारा माणूस होता तो, अंगावर यायचा. टाक नीट!"

मला इतका संताप आला, इतका संताप आला म्हणून सांगू. आठवडाभराचा अबोला, सांडलेला घेवडा, ते 'नाही जात', सगळं एकदम उफाळून आलं. माझ्या मनात त्या क्षणी दया नव्हती, प्रेम नव्हतं, काही नव्हतं. मला हा माणूस आउट करायचा होता. मी फासा मुठीत घट्ट धरला आणि बोर्डावर आपटल्यासारखा टाकला. तो कडेला आदळून परत मधे आला.

सहा.

बाबांनी पांढरा टाकला. तीन.

शशीनं वाकून जमादारच्या कार्डावर बघितलं, खरं तर बघायची गरज नव्हती. "त्रिफळा," तो हळूच म्हणाला.

"झालं का मनासारखं?" मी ओरडले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी पुसलंसुद्धा नाही. "झालं समाधान? घेतली इस्माईलनं विकेट!"

बाबा इस्माईलच्या कार्डाकडे बघत राहिले.

"कसलं समाधान?" ते म्हणाले. "पुठ्ठा आहे हा. चेंडू त्याच्या हातात त्या दिवशी पाहिजे होता." मग स्वतःवरच चिडल्यासारखे म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही, विचारलं नाही, म्हणत बसलो जन्मभर. नाही खेळत म्हणायला तोंड नव्हतं का मला?"

तात्यांनी खाली बघत पुढचा फलंदाज शोधायला घेतला.

बाबांनी स्वतःच्या हातानं दामू खोतचं कार्ड उचललं आणि बोर्डाबाहेर ठेवलं.

"पाठवा पुढचा," ते म्हणाले. "आणि तू, रडू नको. अजून नऊ जण काढायचेत तुला."